पोकळीची मोजणी

दगडखाणीची पाहणी म्हणजे मुळात जे जागेवर उरलेले नाही त्याची मोजणी. शेताच्या मोजणीत शेत समोर असते, गोदामाच्या तपासणीत पोती समोर असतात. खाणीत मात्र पाहणी करणाऱ्यापुढे एक खड्डा असतो आणि त्या खड्ड्यातला दगड केव्हाच एखाद्या रस्त्याच्या थरात, पुलाच्या पायात किंवा घराच्या स्लॅबमध्ये जाऊन बसलेला असतो. भंडारा जिल्ह्यात अशा जागेला 'खदान' म्हणतात आणि तिथल्या फोडलेल्या दगडाला 'गिट्टी'. पश्चिम महाराष्ट्रातला 'खडी' हा शब्द इकडे कमीच ऐकू येतो. खदानीला दिलेल्या परवान्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे ठरवणे हे या पाहणीचे घोषित काम आहे. ते वर्षानुवर्षे करणाऱ्यांच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्टपणे पुढे येते, ती अशी की, दगड किती काढला या प्रश्नासाठी यंत्रणेजवळ पुष्कळ साधने आहेत, पण तो कसा काढला आणि काढल्यावर मागे काय राहिले या प्रश्नांसाठी फार थोडी आहेत.

याचे कारण कायद्याच्या घडणीत आहे. बांधकामाचा दगड, मुरूम, साधी वाळू, विटांची माती यांना कायदा 'गौण खनिज' म्हणतो. गौण म्हणजे कमी मोलाचे, असा येथे अर्थ नाही. ज्या खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ च्या कलम १५ ने राज्यांकडे सोपवला, ती गौण खनिजे होत. महाराष्ट्रात आज त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत, आणि विनापरवाना किंवा परवान्याबाहेर काढलेल्या खनिजावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. म्हणजे खाण ही या व्यवस्थेत प्रथम महसुलाची बाब ठरते. स्वामित्वधन, म्हणजे खनिजाच्या मालकीपोटी शासनाला द्यावयाची रक्कम, ज्याला सगळे 'रॉयल्टी'च म्हणतात, ती भरली की नाही, यावर पाहणीचा भर पडतो. याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या मोठ्या खाणी आहेत. तिथे प्रशिक्षित व्यवस्थापक, सर्वेक्षक, मंजूर नकाशे आणि केंद्रीय यंत्रणांची देखरेख असते. त्यांच्यापासून काही कोसांवरच्या गिट्टीच्या खदानीत बहुधा एक मुनशी, एक पोकलेनचालक आणि ब्रासवर, म्हणजे फोडलेल्या दगडाच्या मापावर, मजुरी घेणारी काही कुटुंबे एवढाच कारभार असतो, आणि तरीही दगड कोसळला तर तो दोन्हीकडे सारख्याच वजनाने कोसळतो.

जागेवर जाण्याआधी पाहणीचा निम्मा भाग कागदावर होतो, आणि पूर्व विदर्भात या कागदांना स्वतःचा इतिहास आहे. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रांतात व नंतरच्या मध्य प्रदेशात होता. तिथली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, १९५१ मध्ये संपली आणि त्यांच्या ताब्यातील पडीक जमिनी, तलाव, झुडपे शासनाकडे आली. गावकऱ्यांनी त्या जमिनींचा वापर कशासाठी करावयाचा याची नोंद 'निस्तार पत्रक' या दस्तऐवजात राहिली. सरपण, चराई, घरापुरती माती-मुरूम हे हक्क त्यात येतात. त्यामुळे केवळ सातबारा पाहून इथे भागत नाही. गट क्रमांक निस्तार पत्रकात कशासाठी राखला आहे, आणि तो 'झुडपी जंगल' म्हणून नोंदला आहे का, हे आधी पाहावे लागते. झुडपी जंगल म्हणजे ज्या जमिनीवर मोठी झाडे न वाढता खुरटी झुडपेच राहतात, अशी महसुली नोंद. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांपुरती ती खास आहे. या जमिनी वनजमीनच मानाव्यात असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. टेकडीचा खडक उघडा पडलेला, वर पळस आणि करवंदीची जाळी, अशी जागा खाणीसाठी सर्वांत सोयीची वाटते, आणि नेमक्या अशाच जागा झुडपी जंगलात मोडतात. म्हणून जुन्या नोंदी उलगडून पाहणारा तलाठी हा या पाहणीतला पहिला आणि बहुधा सर्वांत उपयोगी साक्षीदार ठरतो.

मोजणीचा हिशेब वरवर सोपा वाटतो. गौण खनिजाचे व्यवहारातले माप 'ब्रास' हे आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. उदाहरणादाखल ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि सरासरी ८ मीटर खोल खड्डा घेतला तर त्याची पोकळी १९,२०० घनमीटर, म्हणजे साधारण ६,७८० ब्रास भरते. पण अखंड खडक फुटला की तुकड्यांमध्ये हवेची जागा तयार होते आणि तोच दगड गाडीत सुमारे दीडपट जागा व्यापतो. म्हणजे त्याच खड्ड्यातून टिप्परने वाहिलेली गिट्टी दहा हजार ब्रासच्या आसपास जाते. वाहतूक पास गाडीतल्या मापावर निघतात आणि खड्डा मात्र अखंड खडकाच्या मापाने मोजला जातो. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर प्रामाणिक परवानाधारकाने खड्ड्याच्या हिशेबापेक्षा जास्त दगड नेला असा खोटा आरोप होऊ शकतो, आणि उलट बाजूने तीन हजारांहून अधिक ब्रासची चोरी पूर्णपणे झाकली जाऊ शकते. ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन धरले, तर हा फरक वीस लाखांच्या घरात जातो. अहवालात आकडा कोणत्या मापाचा आहे हे एका ओळीत लिहिणे एवढाच त्यावरचा उपाय आहे, आणि ती ओळ कितीतरी अहवालांत सापडत नाही.

खोलीचे मोजमाप याहून नाजूक असते. वरच्या उदाहरणात खोली मोजताना एक मीटरची चूक झाली की ८४८ ब्रासचा फरक पडतो. खदानीचा तळ कधी सपाट नसतो. एका कोपऱ्यात पोकलेनने खोल चर मारलेला असतो, दुसरीकडे न फोडलेला उंचवटा राहिलेला असतो, आणि पावसाळ्यानंतर तळात हिरवट पाणी साचले की खरा तळ दिसेनासा होतो. अशा वेळी काठावर उभे राहून नजरेने अंदाज बांधण्याचा मोह होतो. टोटल स्टेशन हे कोन व अंतर एकदम मोजणारे यंत्र आणि ड्रोनने केलेली मोजणी यांमुळे हल्ली हा अंदाज बराच कमी झाला आहे. तरी ड्रोन पाण्याखालचा तळ पाहू शकत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. खदान उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी पाहावी हा अनुभवी मोजणीदारांचा आग्रह त्यामुळेच रास्त आहे, कारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात एकदा पाऊस लागला की पुरावा पाण्याखाली जातो आणि दिवाळीपर्यंत वर येत नाही.

हद्दीचा प्रश्न वेगळ्याच प्रकारचा आहे. खाणपट्ट्याच्या सीमेपासून आत साडेसात मीटरची पट्टी अस्पर्श ठेवावी, असा सुरक्षिततेचा जुना नियम आहे. शेजारच्या शेताचा बांध खचू नये आणि दोन खाणींमध्ये भिंत राहावी हा त्यामागील हेतू. पण एक हेक्टरचा, म्हणजे शंभर मीटर बाजूचा चौरस पट्टा घेतला, तर चारही बाजूंनी ही पट्टी सोडल्यावर ८५ मीटर बाजूचा चौरस उरतो, म्हणजे एकूण क्षेत्राचा चौथा हिस्सा आणि वर थोडे अधिक हाती येत नाही. पाच हेक्टरच्या चौरस पट्ट्यात हेच प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर येते. पट्टा जितका लहान, तितकी नियम मोडण्याची ओढ जास्त, हे गणितच सांगते. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे ठरवले, तेव्हा मोठे क्षेत्र तुकड्यांत वाटून मंजुरी टाळण्याचा प्रकारच न्यायालयापुढे होता. प्रत्यक्ष पाहणीत मात्र हा मुद्दा एका सिमेंटच्या खांबापाशी येऊन थांबतो. खांब रोवलेला असतो, त्यावर पांढरा रंग आणि क्रमांकही असतो. पण बुंध्याशी माती मोकळी असेल, गवताचे मूळ धरलेले नसेल आणि रंगाचे थेंब ताज्या मुरमावर पडलेले दिसत असतील, तर तो खांब पाहणीच्या एक-दोन दिवस आधी सरकवला गेला असावा, ही शंका घेणे भाग पडते. मोबाइलमधील स्थाननिश्चिती चार-पाच मीटरने चुकू शकते, म्हणून साडेसात मीटरच्या वादात तिचा आधार पुरत नाही. भूमी अभिलेखाची मोजणी मागवावी लागते आणि ती येईपर्यंत महिने जातात.

सहा मीटर हा आकडा खदानीच्या कागदांत वारंवार भेटतो, आणि त्याचे मूळ खाण अधिनियम, १९५२ मधील सवलतीत आहे. बांधकामाचा दगड, मुरूम अशा पदार्थांच्या उघड्या खाणीची खोली कुठेही सहा मीटरपेक्षा जास्त नसेल, कोणत्याही दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे कामावर नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर त्या अधिनियमातील बहुतेक तरतुदी तिला लागू होत नाहीत, अशी ती सवलत. पुढे हा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. पण जुन्या खदानींची मांडणी याच तीन अटींभोवती झालेली आहे. यातील खोली मोजायची ती खाणीच्या सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. टेकडी कापत नेलेल्या खदानीचा तळ रस्त्याच्या पातळीत असतो, तिथे 'खड्डा' म्हणावा असे काही दिसतच नाही, आणि तरी समोरची दगडी भिंत बारा मीटर उंच असू शकते. अशा ठिकाणी खोली शून्य लिहिणारा अहवाल चुकीचा असतो. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसला तरी त्या भिंतीखाली काम करणाऱ्याचे संरक्षण त्या एका शून्याने काढून घेतलेले असते.

स्फोटकांचा पुरावा जमिनीवर मिळतो. ब्लास्टिंग होत नाही असे मुनशी सांगतो, तेव्हा तळावरच्या चुरीत वाकून पाहावे लागते: बोटभर लांबीचे रंगीत प्लास्टिक नळीचे तुकडे, तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी, कागदी वेष्टनाचा फाटका कोपरा. दगडाच्या उभ्या भिंतीवर छिद्राची अर्धी नळी राहिलेली दिसली, तर तिथे ट्रॅक्टरवरच्या कंप्रेसरने भोक पाडून सुरुंग भरला होता हे सांगायला साक्षीदार लागत नाही. अशा अर्ध्या नळ्या सरळ, एका रेषेत आणि अखंड असतील, तर काम निदान जाणकाराने केलेले आहे, आणि भिंत तडकलेली, वरचा दगड लोंबता असेल, तर प्रमाणाबाहेर दारू भरली गेली आहे, असे समजावे. स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात, भंडाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आहे, पण अंतर कमी असले म्हणजे नजर पोहोचते असे नाही. घरांना तडे जातात ही गावकऱ्यांची तक्रार पाहणीत सर्वांत आधी येते आणि सर्वांत आधी बाजूला पडते. जमिनीच्या कंपनाचा वेग मिलिमीटर प्रतिसेकंद या मापात मोजतात, आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या साध्या घरांसाठी कमी कंप्रतेच्या, म्हणजे संथ हेलकाव्याच्या, कंपनाची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर एवढीच आहे. हे मोजणारे यंत्र तालुक्याच्या पातळीवर मिळत नाही. त्यामुळे मातीच्या भिंतीतला तडा 'जुना असल्याचे दिसते' या शेऱ्यावर प्रकरण मिटते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये ब्लास्टिंगच्या खाणीसाठी वस्तीपासून २०० मीटर आणि बिनब्लास्टिंगच्या खाणीसाठी १०० मीटर अंतर सुचवले, तेव्हा निदान फितीने मोजता येईल अशी एक कसोटी हाताशी आली.

या सगळ्यांहून जिथे अधिक वेळ थांबायला हवे ती गोष्ट धूळ आहे, आणि ती भंडाऱ्यात वेगळी आहे. पश्चिम महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. त्यात मुक्त सिलिका, म्हणजे गारगोटीचे द्रव्य, जवळजवळ नसते. दख्खनच्या लाव्ह्याचे थर नागपूरच्या आसपास संपतात आणि त्यापुढे पूर्वेला फार जुने खडक उघडे पडतात: ज्याला भूशास्त्रात पट्टिताश्म किंवा नाइस म्हणतात तो पट्ट्यापट्ट्यांचा खडक, आणि क्वार्ट्झाइट, जो जवळपास पूर्णच गारगोटीचा असतो. म्हणजे भंडाऱ्याच्या क्रशरवर उडणारी धूळ आणि पुण्याच्या क्रशरवर उडणारी धूळ दिसायला सारखी असली, तरी फुप्फुसात गेल्यावर सारखी नसते. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात रुततात, भोवती व्रणासारखी गाठ धरते आणि श्वासाची जागा हळूहळू आटत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात, तो भरून येत नाही, आणि लक्षणे दिसायला पुष्कळदा दहा-पंधरा वर्षे लागतात. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांमध्ये तो किती भीषण होता हे वैद्यकीय अभ्यासांतून देशासमोर आले आहे. क्रशरच्या धुळीसाठी नियमात मर्यादा आहे: यंत्रापासून ४० मीटरवर हवेत तरंगणाऱ्या कणांची भर दर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावी. पण हा आकडा सर्व धुळीचा आहे, त्यातील सिलिकेचा नाही. बेसाल्ट आणि क्वार्ट्झाइट यांना तो एकाच तराजूत तोलतो. ही उणीव जिल्ह्याच्या पातळीवर भरून काढता येणारी नसली, तरी अहवालात खडकाचे नाव लिहिणे आणि त्यानुसार पाण्याचा फवारा, बंदिस्त चाळणी, ओले ड्रिलिंग यांचा आग्रह धरणे हे कोणत्याही पाहणी अधिकाऱ्याच्या हातात आहे.

पाहणीच्या दिवशी फवारे चालू असतात. ते रोज चालतात का, हे पाणी पाहून कळत नाही, झाडे पाहून कळते. क्रशरच्या पूर्वेकडच्या मोहाच्या पानावर बोट फिरवले आणि पिठासारखा थर निघाला, थराखाली पुन्हा चिकटलेला जुना थर निघाला, तर आजच्या फवाऱ्याला अर्थ नाही. मजुरांच्या हजेरीचेही तसेच आहे. ब्रासवर मजुरी घेणाऱ्या जोडप्यात नाव बहुधा नवऱ्याचे एकट्याचे असते, बायको आणि सासू गिट्टी फोडतात पण नोंदवहीत नसतात, आणि त्यामुळे 'पन्नासपेक्षा जास्त नाहीत' ही अट कागदावर सहज पूर्ण होते. तोंडाला फडके बांधलेल्या बाईला धुळीविषयी विचारले, तर उत्तर ठरलेले मिळते: "धूळ त हायेच ना साहेब, काम त कराच लागते." तिच्या खोकल्याची नोंद करण्यासाठी पाहणीच्या नमुन्यात रकाना नाही. गावच्या दवाखान्यात तो खोकला क्षयाचा समजून औषधे सुरू होतात, छातीच्या चित्रातही दोन्ही रोग एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि रुग्ण खदानीत काम करतो हे डॉक्टरला कुणी सांगितलेले नसते. खाणकामगारांच्या आरोग्याची राष्ट्रीय संस्था २०१९ पर्यंत नागपुरातच होती, तरी भंडाऱ्याच्या गिट्टी फोडणाऱ्या बाईची छाती तपासली जात नाही, ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आहे. पाहणी अहवालाला आरोग्य तपासणीच्या यादीची एक प्रत जोडण्याची सक्ती केली, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

पाण्याचा प्रश्न येथील तलावांशी बांधलेला आहे. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले आणि मालगुजारीच्या काळात सांभाळलेले शेकडो तलाव आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या सरकारी नावाने ओळखले जातात, आणि धानाची रोवणी त्यांच्या भरवशावर होते. ज्या टेकडीचे पाणी तलावात उतरते तीच टेकडी खदानीसाठी खोदली की पहिल्या मोठ्या पावसात चुरी आणि मुरूम वाहून तलावाच्या तोंडाशी बसतात. परवान्याच्या अटींत खाणीभोवती पाणी अडवणारा चर आणि गाळ बसवणारे खड्डे असतात. पाहणीत चर सापडतोही, पण त्याचा उतार पुष्कळदा थेट नाल्याकडे काढलेला असतो, कारण खाणमालकाला पाणी साठवायचे नसते, घालवायचे असते. तलावाच्या पाळीवर उभे राहून पाण्याच्या कडेचा रंग पाहिला तर उत्तर मिळते. मात्र तलाव खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर असल्याने तिथवर चालत जाणे पाहणीच्या व्याख्येत येत नाही, आणि वेळही उरलेला नसतो, कारण त्याच दिवशी आणखी दोन खदानी पाहायच्या असतात.

शेवटी हे सर्व पंचनाम्यात उतरते. पंचनामा म्हणजे दोन पंचांच्या समक्ष जागेवर केलेली नोंद. अपिलात तीच टिकते किंवा तीच कोसळते. 'अंदाजे' हा शब्द त्यात सर्वांत महाग पडतो. 'अंदाजे ५,००० ब्रास उत्खनन झाल्याचे दिसून आले' असे वाक्य लिहिले की उपविभागीय अधिकाऱ्यासमोरच्या अपिलात वकिलाला एकच प्रश्न विचारावा लागतो, मोजणी कुठे आहे. आणि दंडाचा आदेश फेरचौकशीसाठी परत येतो. त्याऐवजी मोजलेल्या बाजू, बिंदू, तारीख, यंत्र आणि मोजणाऱ्याचे नाव लिहिणे कंटाळवाणे असते, पण खदानीच्या बाजूने किंवा विरुद्ध न्याय व्हायचा तर तो या कंटाळवाण्या ओळींतूनच होतो. पंचांचेही सोपे नसते. ते त्याच गावचे असतात, त्यांच्या घरातले कुणी खदानीत कामाला असते, आणि सही करताना त्यांचा हात थबकतो तो भीतीने की संकोचाने, हे सांगता येत नाही.

मुदत संपलेल्या खदानी पाहणीच्या यादीतून गळतात. परवाना नाही म्हणजे अटी नाहीत, अटी नाहीत म्हणजे तपासण्यासारखे काही नाही, असा हा तर्क आहे. मंजूर खाण आराखड्यात मात्र लिहिलेले असते की वरचा मातीचा थर बाजूला साठवून ठेवावा, खाण संपल्यावर तो पुन्हा तळात पसरावा, काठाला कुंपण घालावे आणि झाडे लावावीत. लाखनी-साकोलीकडून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ असो की गावाला जोडणारा लहान रस्ता, कामाच्या घाईत भरावाला माती-मुरूम हवाच असतो. खदान चालू असतानाच तो साठवलेला ढीग विकला जातो आणि त्याची पासवर नोंद नसते. पाहणी अधिकारी आराखड्याचा नकाशा हातात धरून ढिगाची जागा शोधतो, तेव्हा तिथे चाकांच्या खुणा असलेली सपाट जमीन सापडते, आणि खाली, कुंपण नसलेल्या काठाशी, गुराखी म्हशींना पाण्यात उतरवत असतो. पाणी कुठवर खोल आहे, हे म्हैस थांबते त्या जागेवरून त्याने ओळखलेले असते.